बुद्धिबळाचं चावीचं घड्याळ: आधी फ्लॅग बघा, मग टिकटिक

मनीषनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांच्या कपाटात त्यांना लाकडी पेटीचं 'गार्डे' बुद्धिबळ घड्याळ सापडलं. एका पेटीत दोन खेळाडूंची दोन घड्याळं; आपल्या बाजूचा खटका दाबला की आपलं थांबतं, समोरच्याचं सुरू होतं. चावी दिली की दोन्ही बाजू सुरू होतात, पण उजवी पाच-दहा मिनिटांत थांबते. ताई दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आठ मुलांना बुद्धिबळ शिकवतात, त्यामुळे आणखी तीन घड्याळं घ्यायची आहेत. चावीची घ्यावी, सेलची की सरळ डिजिटल? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती टिकवायची कशी?

ताई, घड्याळं दुरुस्त करण्यात माझी उभी हयात नागपूरच्या महाल भागात गेली आणि रविवार बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच म्हणून गेले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

डिजिटलचा विषय आधी संपवू. तुमच्या मुलांपैकी कुणी मानांकन स्पर्धेला जाणार असेल तर एक डिजिटल घ्यावंच लागेल. तिथे आता ९० मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद, असा वेळ सर्रास असतो. हे वाढीव सेकंद काट्याच्या घड्याळाला देता येत नाहीत. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने अशा घड्याळाच्या पेटंटसाठी १९८८ साली अर्ज केला, १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरचा सामना तो त्याच पद्धतीने खेळला, आणि तिथून काट्यांच्या घड्याळांचे दिवस फिरले. आपली दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकच्या जलद (रॅपिड) डावांत हरवून महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून नागपुरात बुद्धिबळाच्या वर्गांना पोरांची रीघ लागली आहे. त्या पोरांना पुढे डिजिटलवरच खेळायचं आहे.

पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वेळ म्हणजे काय हे शिकवायला काट्याचं घड्याळच बरं, असं माझं ठाम मत आहे. डिजिटलवर १४:३२ दिसतं, तो नुसता आकडा. काट्याच्या घड्याळात अर्धा तास म्हणजे तबकडीची अख्खी अर्धी भाकर, आणि ती कशी संपत चालली ते पोराला बसल्या जागी दिसतं.

आता मुद्द्यावर येतो. घड्याळ घेताना लोक कानाला लावून टिकटिक ऐकतात, मग विचारतात, 'दिवसाला किती मागे जातं?' हातघड्याळासाठी हा प्रश्न बरोबर आहे, बुद्धिबळाच्या घड्याळासाठी जवळजवळ निरुपयोगी. हिशेब करून बघा. दिवसाला पाच मिनिटं पुढे जाणारं घड्याळ म्हणजे भंगारच वाटेल. पण अर्ध्या तासाच्या डावात त्याची चूक जेमतेम सहा सेकंदांची, पाच मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे अतिजलद डावात, एक सेकंदाची. उलट फ्लॅग, म्हणजे वेळ संपल्याचं दाखवणारी पट्टी, चाळीस सेकंद आधी पडत असेल, तर पाच मिनिटांतला आठव्या हिश्शाहून जास्त वेळ तिथेच गेला. म्हणून बघायचं ते फ्लॅगकडे. दुसरं बघायचं, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात का. घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळलं नाही तरी चालेल, डावी-उजवी मात्र जुळलीच पाहिजे.

फ्लॅग म्हणजे बाराच्या आकड्याजवळची ती लाल पट्टी. ती एका खिळीवर लोंबकळते. मिनिटकाटा बाराकडे येताना शेवटच्या काही मिनिटांत तिला खालून उचलत नेतो आणि बाराला पोचला की सोडून देतो. पट्टी खाली पडली की वेळ संपला. रचना इतकी साधी आहे, म्हणूनच त्यात चुका होतात. फ्लॅगचं टोक झिजलं, काटा तबकडीपासून केसभर दूर गेला किंवा खिळी ढिली झाली, की फ्लॅग आधीच निसटतो.

हे मी एका मुलाच्या जिवावर शिकलो. फार वर्षांपूर्वीची शाळकरी मुलांची स्पर्धा, मी पंच. एका पोराचा फ्लॅग पडला, समोरच्याने वेळ संपल्याचा दावा केला. पोरगं रडवेलं होऊन काट्याकडे बोट दाखवत म्हणालं, 'सर, अजून पाऊण मिनिट हाये ना!' फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, नियम सांगतो की घड्याळात उघड दोष नसेल तर त्यावर जे दिसतं तेच अंतिम. मला दोष उघड दिसला नाही, कारण सकाळी मी ते घड्याळ तपासलंच नव्हतं. निकाल त्याच्या विरुद्ध दिला. रात्री घरी तेच घड्याळ पाच वेळा बाराला नेऊन बघितलं. पाचही वेळा उजवा फ्लॅग पन्नास सेकंद आधी पडला. डावा बरोब्बर बाराला. ते पोरगं दुसऱ्या दिवशी आलं नाही. तेव्हापासून स्पर्धेच्या आदल्या रात्री सगळी घड्याळं माझ्या जेवणाच्या टेबलावर.

तपासायची पद्धत सोपी आहे. मिनिटकाटा बाराच्या सहा-सात मिनिटं अलीकडे ठेवा, ती बाजू चालू करा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. काटा हाताने बारापर्यंत फिरवू नका, आपला आपण जाऊ द्या. हाताच्या जोराने फ्लॅग व्यवस्थित उचलला जातो, यंत्राच्या जोराने जातो की नाही ते बघायचं आहे. फ्लॅग कधी उचलायला लागला, कधी पडला, पडताना काटा नेमका कुठे होता, हे लिहून ठेवा. मग दुसरी बाजू तशीच. शेवटच्या मिनिटाला समोरचा खटका नेहमीसारखा दोन-तीन वेळा दाबून बघा. त्या हादऱ्यानेच फ्लॅग पडत असेल तर ते घड्याळ ब्लिट्झला घेऊ नका. तिथे पोरं खटक्यावर हातोडा मारल्यासारखी मारतात. दोन्ही फ्लॅग सारखेच वीस सेकंद आधी पडत असतील तर वर्गासाठी मी ते घड्याळ खुशाल घेईन. एक बरोबर आणि दुसरा चाळीस सेकंद आधी पडत असेल तर फुकटही घेणार नाही, किंवा आधी फ्लॅगचं टोक नीट करवून घेईन. ते चिमट्याने केसभर वाकवायचं काम आहे, पण ज्याचा हात बसला आहे त्यालाच करू द्या.

दोन्ही बाजूंची चाल जुळते का, त्यासाठी आधी डावी अर्धा तास चालवा, मग उजवी अर्धा तास, स्टॉपवॉचसमोर. घड्याळ उभंच ठेवा. आडवं ठेवलं की चाल बदलते. दोघींत पाच-सात सेकंदांचा फरक असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर यंत्रावर बॅलन्सजवळ, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाजवळ, एक बारीक दांडी असते, तिच्याशी अधिक-उणे अशी खूण. जी बाजू मागे पडते तिची दांडी अधिककडे, केसाच्या जाडीएवढी. नखभर सरकवली की घड्याळ पळत सुटतं. आणि तपासण्याआधी दोन्ही चाव्या सारख्या द्या. एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे अर्धी चावी असली की स्प्रिंगचा जोर वेगळा पडतो आणि फरक घड्याळाचा आहे की चावीचा, कळत नाही.

आता चावीचं की सेलचं. सेलच्या घड्याळाची चाल चावीवाल्यापेक्षा नेमकी असते, यात वाद नाही. पण स्वस्त सेलवाल्यात भिंतीवरच्या घड्याळासारखीच दोन हलकी यंत्रं बसवलेली असतात, आणि त्यांच्यात जोर कमी. फ्लॅग जरा जड असला की काटा तिथे अडतो, नुसता थरथरत राहतो. दुसरी अडचण वेळ लावताना येते. मागची चकती उलटी फिरवून काटा थांबवला की दात्यांमध्ये ढील राहते. मग खेळ सुरू झाला तरी पहिला काही वेळ काटा जागचा हलत नाही. त्या खेळाडूला तेवढा वेळ फुकट मिळाला. म्हणून वेळ लावताना काटा नेहमी पुढे फिरवत आणून थांबवायचा. चावीच्या घड्याळालाही हीच सवय ठेवा, कारण मागे फिरवताना काटा बारापाशी फ्लॅगला उलट्या बाजूने धडकतो आणि तो वाकतो.

माझं म्हणाल तर तिन्ही चावीची घ्या, जुनी पण चांगली. जुन्या चावीच्या घड्याळात बिघडतं ते सगळं दुरुस्त होतं. सेलचं यंत्र बिघडलं की अख्खं बदलावं लागतं, आणि बुद्धिबळाच्या घड्याळात बसणारं तसंच यंत्र सहसा मिळत नाही.

जुन्या बाजारात दोन नावं जास्त दिसतात. गार्डे पूर्व जर्मनीतल्या रूला गावच्या कारखान्याचं. तबकडीवर 'जीडीआर', म्हणजे पूर्व जर्मनीचं इंग्रजी लघुरूप, लिहिलेलं असेल तर ते १९९० किंवा त्याआधीचं, कारण त्या वर्षी ऑक्टोबरात तो देशच संपला. दुसरं सोव्हिएत 'यांतार', ओर्योल शहरातलं. तबकडीवर रशियन अक्षरं असतात, नावाचा अर्थ अंबर. गार्डेची पेटी चिवट आणि यंत्र नाजूक कामाचं. यांतार थोडं बोजड, पण मार खाऊनही चालतं. पोरांच्या वर्गाला मी यांतार देईन, तुमच्या सासऱ्यांचं गार्डे मोठ्यांसाठी ठेवीन. नवीन म्हणून ऑनलाइन विकली जाणारी चकचकीत लाकडी घड्याळं हातात घेऊन, फ्लॅग तपासून मगच घ्या. पॉलिश बघून भुलू नका. आत काय आहे ते पॉलिश सांगत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपण ज्याला खटका म्हणतो, एक बाजू दाबली की दुसरी वर, ती कल्पना सी-सॉसारख्या दांडीवरून आली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांची घड्याळं वापरली. एका तिरप्या दांडीच्या दोन टोकांवर दोन लंबकाची घड्याळं. आपली बाजू खाली दाबली की लंबक तिरपा होऊन आपलं थांबायचं, समोरच्याचं सुरू व्हायचं. त्याआधी वाळूची घड्याळं होती. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश हे नामवंत खेळाडू त्यांच्यावर खेळले होते.

आता तुमची उजवी बाजू. उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. उजवी बाजू चालवायला आपण डावा खटका दाबतो. तो दाबून बोटाने तसाच खाली धरून ठेवा, अगदी पंधरा मिनिटं. बोट असेपर्यंत उजवी चालत राहिली आणि काढल्यावर थांबली, तर यंत्र निरोगी आहे. दोष खटक्याच्या दांडीत आहे. बॅलन्सचं चाक थांबवायला एक बारीक तार असते. खटका सुटला की ती तार चाकाच्या कडेला येऊन टेकते, दाबला की बाजूला होते आणि जाताजाता चाकाला टिचकी मारून सुरू करून देते. ती तार जरा वाकली की पूर्ण बाजूला होत नाही, चाकाला चाटत राहते. चाक हळूहळू दमतं आणि पाच-दहा मिनिटांत थांबतं. तुमचं वर्णन वाचून मला तरी हाच संशय आहे.

बोट धरूनही थांबत असेल तर काटा कुठे थांबतो ते बघा. दर वेळी बाराच्या अलीकडेच थांबत असेल तर फ्लॅगचं ओझं त्याला झेपत नाही. दर वेळी तासकाट्याच्या डोक्यावर थांबत असेल तर दोन काटे एकमेकांना घासतात. कुठेही थांबत असेल तर तेल वाळलंय. तीस-चाळीस वर्षं कपाटात पडलेल्या घड्याळात तेलाचा डिंक झालेला असतोच.

तेलावरून एक कबुली. शिकाऊ असताना मी एका घड्याळात शिलाई मशीनचं तेल पिचकारीने सोडलं होतं. घड्याळ आठवडाभर घोड्यासारखं पळालं, मी खूश. महिन्याने हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या चाकावरच्या केसासारख्या स्प्रिंगची, वेटोळी तेलाने एकमेकांना चिकटली आणि ते तासाला दहा मिनिटं पुढे जायला लागलं. उस्तादांनी अख्खं यंत्र खोलून पेट्रोलमध्ये धुवायला लावलं, तेही माझ्याकडूनच. तेव्हा खोबरेल, शिलाईचं तेल, गंज काढायचा स्प्रे, काहीच आत जाऊ देऊ नका. घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त आसांच्या टोकांना लावतात. दात्यांना नाही, हेअरस्प्रिंगला तर कधीच नाही. आणि हे काम धुतल्यानंतर करायचं असतं. जुन्या डिंकावर नवं तेल टाकून उपयोग नाही. स्वतः यंत्र खोलू नका. मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मोठ्या स्प्रिंगचा, ताण सोडल्याशिवाय यंत्राची पट्टी ढिली केली तर दातेही जातात आणि बोटही. इतवारीत, महालात अजून हाताने काम करणारे दोन-चार कारागीर सापडतील. त्यांना 'बुद्धिबळाचं घड्याळ' म्हटलं की आधी नाही म्हणतील. 'अलार्म पीससारखीच दोन यंत्रं आहेत' म्हटलं की हातात घेतील.

एक शत्रू दिसत नाही, तो म्हणजे लोहचुंबक. मुलांकडे प्रवासाचे चुंबकाचे पट असतात. ते घड्याळाला टेकवून ठेवले, किंवा मोबाइलचा स्पीकर रोज शेजारी असला, की हेअरस्प्रिंग चुंबकित होते आणि घड्याळ अचानक पळायला लागतं. काहीही न करता बिघडलेलं घड्याळ आलं की मी आधी त्याच्याजवळ होकायंत्र धरतो. चुंबक उतरवायचं काम कारागिराकडे दोन मिनिटांचं असतं.

आता आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं, आणि २३ मे २०१३ ला तर ४७.९ अंश नोंदवलं गेलं. बंद गाडीत तर त्याहून जास्त. घड्याळ गाडीच्या डिक्कीत ठेवलं की तेल पातळ होऊन जागेवरून सरकतं, प्लास्टिकची काच वाकते, लाकडी पेटीचे सांधे उघडतात. पण माझ्या टेबलावर येणारी निम्मी उन्हाळी घड्याळं उन्हाने नव्हे, कूलरने मारलेली असतात. हॉलमध्ये कूलरच्या तोंडासमोर टेबल लागतं, खसच्या वासाची ओली हवा तीन तास घड्याळावर, आणि रात्री तेच घड्याळ बंद कपाटात. स्टीलच्या आसांवर गंजाचे ठिपके तिथूनच सुरू होतात. टेबल कूलरच्या बाजूला लावा, समोर नको. वर्ग संपला की घड्याळं तासभर उघडी ठेवा, मग फराळाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पावसाळ्यातही हाच डबा.

ठेवताना दोन्ही खटके मधोमध, सारख्या उंचीवर आणले की दोन्ही बाजू थांबतात. आठवड्याच्या वर्गासाठी एवढं पुरे. पण दिवाळीच्या नाही तर उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दोन महिने पडून राहणार असेल तर चावी संपेपर्यंत चालू देऊन मग ठेवा. ताणलेली स्प्रिंग तशीच महिनोन्महिने ठेवायची नाही. चावी देताना मागच्या बाणाची दिशा बघा, सावकाश द्या, हाताला घट्ट लागलं की थांबा. पोरांना चावी देऊ देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतोय.

वर्गात वेळ लावण्याची जुनी रीत अशी, की वेळ संपताना घड्याळात सहा वाजले पाहिजेत. अर्ध्या तासाचा डाव असेल तर दोन्ही बाजू साडेपाचला, ब्लिट्झला पाच पंचावन्नला. मग सगळ्या टेबलांवर एकदा नजर फिरवली की कुठे किती उरलं ते चालता चालता कळतं. मुलांना दोनच गोष्टी घोकवा. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने खटका, आणि खटका दाबायचा, मारायचा नाही. दोन्ही फिडेच्या नियमांतच आहेत. घड्याळाच्या तळाला जाड फेल्ट चिकटवा. हॉलच्या सनमायकाच्या टेबलावर ते सरकत सरकत कडेला जातं आणि पडतं. पडलेल्या घड्याळात बॅलन्सचा आस तुटतो. तेवढी एकच दुरुस्ती हल्ली खरंच अवघड झाली आहे, कारण जुळणारा आस मिळत नाही.

वाढीव सेकंद नसलेल्या डावात एक भांडण होणारच, ते आधी सांगून ठेवा. दोन्ही फ्लॅग पडले आणि आधी कुणाचा पडला ते कुणीच बघितलं नाही, तर तो डाव बरोबरीत. पोरं मान्य करत नाहीत. 'त्याचाच आधी पडला, मी पाहिला!' हे दर रविवारी ऐकाल.

गार्डे दुरुस्तीला द्याल तेव्हा कारागिराला म्हणा, मागची पाटी उघडल्यावर आतल्या बाजूला काही लिहिलंय का बघा. आम्ही लोक तिथे पेन्सिलने किंवा टोच्याने साफ केल्याची तारीख लिहितो. सासऱ्यांनी कधी ते दुरुस्त करवलं असेल तर ती तिथे सापडेल. ती पुसू देऊ नका, खाली या खेपेची तारीख लिहायला सांगा.